पुन्हा त्याच दरीत

मे महिन्यातली भिलाई. दुपारी दीडच्या सुमारास सेक्टरमधल्या रस्त्यांवर चिटपाखरू नसते. गुलमोहर तेवढे पेटलेले असतात आणि प्रत्येक क्वार्टरच्या खिडकीत कूलर घरघरत असतो. २०२४ मधल्या अशाच एका दुपारी पुण्याहून आलेल्या मुलाने बॅगेतून एक पांढरे, जाडजूड यंत्र बाहेर काढले. आईला वाटले, मिक्सर आणला.

‘‘मिक्सर नाही गं, गेम आहे. टीव्हीला जोडायचा.’’

‘‘या वयात?’’ आईने विचारले. हे वय नेमके कोणाचे, तिचे एकाहत्तर की त्याचे अडतीस, हे तिने सांगितले नाही.

खरे तर मुलगा गेम खेळायला आलेला नव्हता. मार्चमध्ये शेजारच्या तेलुगू मावशींचा फोन आला होता. दूध गॅसवर ठेवून आई बाहेर कुंड्यांना पाणी घालत बसली होती आणि स्वयंपाकघर धुराने भरले होते. एप्रिलमध्ये पुन्हा तेच घडले. हैदराबादच्या ताईने सरळ सांगितले, ‘‘आता तिला एकटं ठेवायचं नाही. तू घेऊन जा, नाहीतर मी येते.’’ मुलाला मात्र बाबांच्या माघारी पाच वर्षे आईने एकटीने सांभाळलेले, लीजवर घेतलेले ते क्वार्टर, तिची भिशी, शेजारपाजार हे सगळे एका फोनवर सोडवून टाकणे जड जात होते. काय ते समोर बसून ठरवू म्हणून त्याने दहा दिवसांची रजा काढली. निघताना बायकोनेच तो प्लेस्टेशन बॅगेत घातला. दहा दिवस मायलेक एकमेकांच्या तोंडाकडे बघत काय बसणार, हा तिचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता.

त्या यंत्रात जो खेळ होता, तो या घराला नवा नव्हता. १९९९ मध्ये बाबांनी सोसायटीचे कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला. पुढच्या खोलीत, आईने विणलेल्या क्रोशाच्या झाकणाखाली तो देवासारखा बसवला होता. मुले त्यावर काहीतरी शिकतील अशी अपेक्षा होती. त्या काळात हीच अपेक्षा ठेवून घराघरांत कॉम्प्युटर आले आणि घराघरांत त्यावर सर्वांत आधी गेमच चालला. ताईच्या मैत्रिणीकडून एक सीडी आली: टूम रेडर. लारा क्रॉफ्ट नावाची एक धीट इंग्रज बाई दोन पिस्तुले घेऊन जगभरची पुरातन थडगी आणि मंदिरे धुंडाळते, अशी त्याची गोष्ट.

हा खेळ इंग्लंडमधल्या डर्बी गावच्या कोअर डिझाईन या कंपनीने तयार केला आणि १९९६ मध्ये तो बाजारात आला. लाराची मूळ कल्पना टोबी गार्ड या तरुण चित्रकाराची. १९९७ मध्ये दुसरा भाग आला, १९९८ मध्ये तिसरा. डर्बी हे रेल्वे कारखान्यांचे जुने गाव. भिलाई रेल्वेचे रूळ बनवणारी. एका गावात तयार झालेला खेळ दुसऱ्या गावातल्या रेल मिलच्या कामगाराच्या घरात जाऊन बसला, यात योगायोगापलीकडे काही नाही, पण बाबांना हे कळले असते तर ते नक्की हसले असते.

घरात कीबोर्ड एकच आणि खेळणारे दोघे. ताई मोठी, तेव्हा बाणांच्या चार बटणांवर तिचा हक्क. वळणे, चालणे, पळणे तिच्याकडे. धाकट्याकडे आल्ट आणि कंट्रोल. आल्ट दाबले की लारा उडी मारते, कंट्रोल दाबून धरले की कडेला लटकते. ताई ‘‘उडी!’’ म्हणून ओरडायची, हा बटण दाबायचा, आणि जरा उशीर झाला तर लारा दरीत आणि ताईची चापट पाठीत. भांडण फार रंगले की आई स्वयंपाकघरातून यायची आणि तांदूळ निवडत मागच्या खाटेवर बसायची. तंटा मिटवायला म्हणून आलेली आई हळूहळू वाटा सांगू लागली. खेळणाऱ्याचे लक्ष बोटांत असते, बघणाऱ्याचे रस्त्यात.

आवाज मात्र कधीच नसायचा. बाबांना रात्रपाळी असली की ते दिवसा झोपत आणि आतल्या खोलीचे दार नीट लागत नसे. स्पीकरची वायर काढून ठेवण्याचा दंडक पुढे सवयच झाला. त्यामुळे २०२४ मध्ये टीव्ही सुरू झाला आणि नेथन मॅक्री यांनी रचलेली ती संथ सुरावट खोलीत पसरली तेव्हा मुलगा चमकला. पंचवीस वर्षे ज्या खेळाचा इंचन्‌इंच आपल्याला पाठ आहे असे तो समजत होता, त्याचे संगीत तो पहिल्यांदा ऐकत होता. आईने मात्र सवयीने आतल्या दाराकडे पाहिले.

आता हा ‘रिमास्टर’ म्हणजे काय, ते सांगायला हवे. १४ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेतल्या ॲस्पायर कंपनीने टूम रेडरचे पहिले तीन भाग एकत्र करून नव्या यंत्रांसाठी काढले. जुन्या घराच्या भिंती न पाडता प्लास्टर आणि रंग नवा करावा, तसे हे काम आहे. खोल्या त्याच, कडे तेच, उडीचे अंतर तेच. फक्त पूर्वी जिथे चौकोनी ठोकळे दिसत, तिथे आता शेवाळलेला दगड दिसतो, उजेडाचे कवडसे पडतात, लाराचा चेहरा माणसासारखा दिसतो. आणि यातली खरी गंमत म्हणजे एक बटण. ते दाबले की क्षणात सगळे १९९६ चे होते, पुन्हा दाबले की आजचे. शिवाय लाराला चालवण्याच्या दोन पद्धती दिल्या आहेत. एक आजकालच्या खेळांसारखी सोपी, आणि दुसरी ती जुनी, अवजड, रणगाडा वळवल्यासारखी.

मुलाने अर्थातच जुनी निवडली. आणि पहिल्याच गुहेत तो चाचपडू लागला. उड्या अचूक पडत होत्या. कडेला उभे राहायचे, एक उडी मागे घ्यायची, मग धावत येऊन झेपावायचे, हा हिशेब त्याची बोटे विसरली नव्हती. पण लारा भलत्याच दिशेला तोंड करून उभी राही. भिंतीला धडके. गोल गोल फिरे. दोन लांडग्यांनी तिचा फडशा पाडला तेव्हा त्याच्या ध्यानात आले की हा खेळ त्याने अर्धाच खेळलेला होता. वळणे कायम ताईकडे होती. आता दोघांचे काम एकाच्या हातात आले होते आणि त्यातले एक त्याला येतच नव्हते.

‘‘डावीकडे घे न. तिकडून तर आला तू,’’ मागून आई म्हणाली. मूळची वर्ध्याची, चाळीसहून अधिक वर्षे भिलाईत काढूनही तिच्या बोलण्यातला तो ‘न’ गेलेला नाही.

मग रोज दुपारी, जेवण आवरले की, हे सुरू झाले. आईच्या आज्ञेने चित्र बहुतेक वेळ जुनेच ठेवावे लागे. नव्या रूपात अंधार फार, असे तिचे म्हणणे. ‘‘गुहा सुंदर झाली रे, पण किल्ली कुठे पडली ते दिसत नाही.’’ या तक्रारीत तथ्य आहे. नव्या चित्रात सावल्या इतक्या खऱ्या केल्या आहेत की जमिनीवरच्या वस्तू त्यात हरवतात. तेव्हा अडले की जुने चित्र लावायचे, वस्तू शोधायची आणि पुन्हा नव्यात यायचे.

एके दिवशी त्यांनी मध्येच तिसरा भाग लावून पाहिला, कारण त्याची सुरुवात भारतात होते. जंगल, पडके मंदिर, गंगा, औषधाच्या पेट्या पळवणारी माकडे आणि अंगावर येणारा वाघ. तलवारी घेऊन जिवंत होणारी सहा हातांची मूर्तीही आहे. डर्बीत बसून भारत कल्पिला की तो असाच दिसणार. रिमास्टर सुरू होतानाच एक सूचना येते, की या खेळांत काही लोकांचे आणि संस्कृतींचे चित्रण पूर्वग्रहातून झालेले, दुखावणारे आहे, पण ते पुसून न टाकता जसेच्या तसे ठेवले आहे. झाकपाक करण्यापेक्षा हे बरे. आईचा आक्षेप मात्र वेगळाच होता. ‘‘वाघाला मारू नको. बाजूने जा.’’ मैत्रीबागेतले पांढरे वाघ दाखवायला तिने या मुलांना कितीदा नेले असेल. बाजूने जाणे जमले नाही आणि वाघाने लाराला खाल्ले. आई म्हणाली, बरे झाले.

पण खरी कसोटी पहिल्या भागातल्या तिसऱ्या टप्प्यावर होती. पेरूच्या डोंगरात एक हरवलेली दरी लागते. आधी छोटे डायनासोर येतात आणि मग, काही कळायच्या आत, अंधारातून तो प्रचंड टी-रेक्स धावत येतो. १९९९ मध्ये त्याला पाहून धाकट्याने कीबोर्ड सोडून पळ काढला होता. त्यातून वाचले, तरी पुढे वाट नाही. समोर धबधबा, हातात एक दातेरी चक्र आणि पुढे काय करायचे याचा पत्ता नाही. दोन्ही मुले तिथे आठवडाभर अडकली होती. उत्तर विचारायला आजच्यासारखी सोय नव्हती.

मुलगा आता तिथे येऊन पोचला होता. डायनासोर मारून झाला होता, चक्र सापडले होते. पुढचे त्याला साफ आठवत नव्हते. फोनवर शोधले असते तर दोन मिनिटांत मिळाले असते. त्याने फोनला हात लावला नाही.

‘‘आई, इथे काय केलं होतं गं आपण?’’

आई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘तीन गिअर लागतात. तुझे बाबा बी शिफ्ट करून आले होते. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तुम्ही झोपलेच नव्हते म्हणून आधी रागावले. मग बूट न काढताच उभे राहिले मागे आणि म्हणाले, ‘पाणी वळवायचं तर वरून वळवतात, खाली काय शोधताय? वर कुठेतरी मशीन असेल, त्याचे हे गिअर.’ मग जेवायलाच बसेनात. मी वरण दोनदा गरम केलं.’’

मुलाला हे काहीच आठवत नव्हते. बाबा ‘तो खेळ बंद करा’ म्हणायचे, इतकेच त्याच्या लक्षात राहिले होते. वर्षानुवर्षे त्याने बाबांची ही एकच बाजू बायकोला, मुलाला सांगितली होती. गरम लोखंडाची पट्टी रुळात कशी बदलते हे रोज बघणारा माणूस मुलांच्या खेळातले यंत्र बघून बूट काढायचे विसरतो, हे त्याला अडतिसाव्या वर्षी कळत होते.

तीन चक्रे शोधायला दोन दुपारी गेल्या. ती यंत्रावर बसवली, खटका ओढला आणि पाण्याचा प्रवाह वळला. आईने टाळी वाजवली.

त्याच संध्याकाळी तिने चहाचे आधण ठेवले आणि ती अंगणात गेली. मुलाने उठून गॅस बंद केला. तिने येऊन पातेल्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता कप विसळू लागली.

पंचवीस वर्षांपूर्वीचे वरण दोनदा गरम केलेले आठवते आणि दहा मिनिटांपूर्वीचा चहा आठवत नाही, हे कसे? डॉक्टरांना हे नवे नव्हते. वयाबरोबर स्मृती उणावते तेव्हा बहुधा अलीकडचे आधी निसटते, जुने मागे राहते, तेव्हा जुन्या आठवणी शाबूत आहेत म्हणून सगळे ठीक आहे असे धरून चालू नका, असे त्यांनी बजावले आणि तपासण्या लिहून दिल्या. खेळाचा काही उपयोग होतो का, असे मुलाने आशेने विचारले. तिला आवडत असेल तर जरूर खेळा, पण त्याला औषध समजू नका, हे उत्तर मिळाले. अनेक घरांत अशा वेळी एक तर घाबरून आईला उचलून नेतात किंवा ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. दोन्हीत सोय मुलांचीच असते.

रात्री मुलाने ताईला व्हिडिओ कॉल लावला. सांगायचे होते तपासण्यांचे, पण आईनेच फोन घेतला आणि टीव्हीकडे धरला. ‘‘हे बघ, याला वळता येत नाही. भिंतीत जाऊन धडकतो.’’

ताई जेवत होती. घास हातात तसाच ठेवून ती बघत राहिली. ‘‘अरे, सरळ बटण दाबून नको धरू. आधी थांब, मग वळ, मग चाल. मी तसंच करायची.’’

‘‘हे तेव्हाच सांगितलं असतंस तर?’’

‘‘मग मला आल्टवर बसवलं असतंस न!’’

तिघेही हसली. मग ताईचा आवाज खाली आला. ‘‘आई, पुण्याला जाशील ना?’’

आई लगेच बोलली नाही. पावसाळा इथेच काढीन, असे तिने शेवटी सांगितले. कुंड्या आहेत, भिशीचा नंबर लागायचा आहे. दिवाळीनंतर बघू. ताईने ‘बघू नाही’ म्हणून हरकत घेतली. तोवर रोज दोन्ही वेळेला शेजारच्या मावशी डोकावतील, गॅसऐवजी आपोआप बंद होणारी विजेची शेगडी येईल आणि तपासण्यांत काही निघाले तर दिवाळीपर्यंत थांबायचे नाही, इतके ठरले. सगळ्यांचे समाधान झाले असे नाही. मुलाचे तर मुळीच नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी यंत्र बॅगेत भरायचे की इथेच ठेवायचे, हा प्रश्न आला. ‘‘ठेव,’’ आई म्हणाली. ‘‘तू येशील तेव्हा लागेल. मला एकटीला नाही जमत ते.’’ तरी संध्याकाळी तिने रिमोट मागून घेतला, तो उलटसुलट केला आणि उडीचे बटण कुठले ते विचारले. लारा जागच्या जागी दोनदा उडाली. मुलगा वळवायला पुढे सरकला, तशी तिने त्याला अडवले.

‘‘थांब. आधी गॅस बंद आहे का बघून ये. मग बघू त्या डायनासोरकडे.’’