बालवाडीतील गाणे : भाचीस पत्र

खडवली,
2 जुलै

चि. भाचीस,



तू मिशनच्या बालवाडीत रुजू झालीस आणि गाण्याचा तास तुझ्याकडे आला, हे वाचून मनाला फार समाधान वाटले; परंतु नाताळच्या संमेलनासाठी मुलांकडून डझनभर गाणी, त्यांतली निम्मी इंग्रजी, पेटीवर बसवून घ्यावीत अशी जी ताकीद तुला मिळाली आहे, तिच्याविषयी तू माझे मत विचारतेस, म्हणून ते स्पष्टच लिहिते. तीनचार वर्षांच्या मुलाला गाणे शिकवायचे ते त्याचा कान जागा व्हावा आणि आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिळवण्याचे सुख त्याला कळावे यासाठी. आणि हे सुख त्याच्या घरात आधीच नांदत असलेल्या सुरांतून त्याला जितके लवकर लाभते, तितके परक्या चालींतून लाभत नाही.

आपल्या मंडळीत हा विचार नवा नाही. इंग्रजी चालींवर मराठी शब्द चढवण्याचा उद्योग मिशनऱ्यांनी मोठ्या श्रद्धेने केला, पण मराठीचे लघुगुरू एकीकडे आणि परक्या चालीचा आघात दुसरीकडे अशी ओढाताण होऊन कित्येक गीतांतले शब्द गाताना ओळखू येईनासे झाले. अहमदनगरच्या कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट रुळवली आणि पुढे, 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन यांना उपासनेत मानाची जागा दिली. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतसंग्रहाचा केवढा तरी भाग त्यांचाच आहे. ज्यांना महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणतो, त्यांचा वारसा आपल्याकडे असताना बालवाडीच्या उंबऱ्यावर तो बाहेर ठेवावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता व्यवहाराचे. मुलाच्या गळ्याची मर्यादा फार लहान असते. आपण बायका सवयीने काळी चार धरतो, तो षड्ज मुलांना खोल पडतो आणि मग ती गाण्याऐवजी बोलू लागतात. पांढरी दोनवर षड्ज धर आणि पंचमापर्यंत, फार तर धैवतापर्यंत जाणाऱ्या चाली निवड. तारसप्तकाची वाट वर्षभर तरी धरू नकोस. पेटी शक्यतो बंदच ठेव. तिच्या आवाजावर मात करण्यासाठी मुले ओरडतात, आणि ओरडण्यालाच गाणे समजण्याची त्यांना जी खोड लागते ती पुढे शिकवूनही सुटत नाही. तू स्वतः हलक्या आवाजात दोनतीन दिवस नुसते गात राहा. त्यांना ‘म्हणा’ असे सांगू नकोस. ज्याच्या मनात चाल उतरेल तो आपणहून गुणगुणू लागेल, आणि जो महिनाभर गप्प राहील त्याला मागास समजू नकोस. असे मूल शाळेत मुके असते आणि घरी जाऊन आजीला सगळे गाणे म्हणून दाखवते. ताल हातापायांनी शिकव : चालताना केहरव्याच्या आठ मात्रा, झोके घेताना दादऱ्याच्या सहा. बाई माँटेसरी 1939 साली मद्रासला आल्या आणि त्यांची पद्धत आपल्याकडे पसरली, तिच्यातला शांततेचा खेळ तासाच्या आरंभी अवश्य घे. डोळे मिटून पावसाचा आवाज ऐकलेले मूल स्वर अधिक नेमका उचलते, असा माझा अनुभव आहे.

गाणी कोठून आणावीत, असे तू विचारतेस. मुलांच्या घरून आणावीत. आमच्या या भातसेच्या काठी आगरी लग्नात धवळे गाणाऱ्या बाया आहेत, कातकरी आणि ठाकर वस्त्यांत नाचाची गाणी आहेत, जात्यावरच्या ओव्या ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या आहेत; ठाण्यावसईकडच्या ईस्ट इंडियन कुटुंबांत तर लग्नातल्या उंबराच्या पाण्याच्या विधीच्या वेळी गायची मराठी गाणी अजून आहेत. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यांच्याच मार्गाने तू एखाद्या आजीला वर्गात बोलाव, तिच्या मांडीशी मुले बसव, आणि तिच्याच चालीवर गोठ्यातल्या बाळाचे चार सोपे शब्द बांध.

एक गोष्ट मात्र विसरू नकोस. तुझ्या वर्गात निम्मी मुले इतर धर्मांची आहेत. शासनमान्य वा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासना अज्ञान मुलावर पालकाच्या संमतीवाचून लादता येत नाही, असे संविधानाचे 28 वे कलम सांगते. तुमची बालवाडी त्याच्या कक्षेत येवो अथवा न येवो, येशूने लेकरांना जवळ बोलावले तेव्हा कोणाचे कूळ विचारले नव्हते, हे आपल्याला पुरेसे आहे. पाऊस, चिमणी, आई, भाकरी यांची गाणी सर्वांची. प्रार्थनेचे गीत पालकांना आधी दाखवून, त्यांची अनुमती घेऊन शिकव.

संमेलनाविषयी व्यवस्थापकांना लेखी कळव की डझनाऐवजी तीन गाणी होतील, ती मराठीत होतील, आणि नव्या पेटीसाठी मंजूर झालेल्या रकमेतून लहान टाळांच्या जोड्या व एक ढोलकी घेण्याची तजवीज व्हावी. अर्ज या आठवड्यातच दे.

तुझी,
मावशी