एरंडेलाचा डाग

दादाने केलेले विमान आमच्या परभणीच्या घरात काचेच्या कपाटात आहे. तो जाऊन नऊ वर्षे झाली. बालसा लाकडाचा सांगाडा, त्यावर पातळ कागद आणि कागदावर डोपचे लेप. कॉलेजात एन.सी.सी.च्या वायुदल शाखेत असताना तो ही विद्या शिकला आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी येऊन त्याने हे विमान बांधले.

डोप म्हणजे मुळात कापूसच. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. ते द्रावकात विरघळवले की डोप तयार होतो. हा लेप वाळताना आकसतो आणि कागद ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो. तो ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात थोडे एरंडेलही घालतात. आमच्या काळ्या रानात पिकणारा कापूस आणि बांधावरची एरंडी मिळून विमानाची कातडी होते, याचे मला अजून नवल वाटते.

पावसाळ्यात दादा डोपला हात लावत नसे. दमट हवेत लेप पांढुरका पडतो. आमच्या उन्हाळ्यात तो ब्रश फिरवेपर्यंत वाळतो. म्हणून दिवाळी. प्रत्येक लेपानंतर तो बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवी. मी आणखी चकाकीचा हट्ट धरला तेव्हा म्हणाला, "अरे, प्रत्येक लेपाला वजन असतं. हे उडवायचंय, मिरवायचं नाही."

गेल्या वर्षी कपाट आवरताना विमानाच्या पोटावरचा तपकिरी, चिकट डाग मला खुपला. मोटारीचे पॉलिश घेऊन मी तो घासू लागलो. कापडाला आधी तपकिरी आणि मग निळा रंग लागला. थांबलो तेव्हा बोटभर जागेत कागद उघडा पडला होता. पॉलिशमधली बारीक खर मोटारीच्या पत्र्यावर चालते. इथे रंगाचा थर तो केवढा!

मग आठवले. त्या छोट्या इंजिनाच्या इंधनात ईथर, रॉकेल आणि एरंडेल असे. वंगणाचे काम करून एरंडेल पुरते न जळता धुराबरोबर बाहेर पडे आणि पोटावर बसे. कापणी झालेल्या रानात दोन तारांची मूठ धरून दादा गरगर फिरत होता आणि विमान त्याच्याभोवती घोंगावत होते. त्या संध्याकाळचे छायाचित्र नाही. नोंद होती ती एवढीच, आणि ती मी स्वच्छतेच्या भरात पुसून टाकली.

आता कपाट पश्चिमेच्या खिडकीपासून हलवले आहे; उन्हाने डोप पिवळा पडतो, तडकतो. धूळ मऊ ब्रशने झटकतो, पॉलिश लावत नाही. उघडी पडलेली जागा रंगवलेली नाही. पंखाच्या सांध्यात मात्र एक तपकिरी रेघ शिल्लक आहे. तिथे मी ब्रशही नेत नाही.