कुडाळात अक्षरं किती?

नवीन लायब्ररी शिकायची म्हटलं की आपण काय करतो? डॉक्युमेंटेशनची चार पानं चाळतो, ट्युटोरियलमधला नमुना कोड चिकटवतो, आणि तो चालला की सोमवारपासून थेट प्रोजेक्टमध्ये. लायब्ररी कळली असं वाटतं.. पण कळलेला असतो तो फक्त ट्युटोरियलवाल्याचा नमुना. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही म्हणतात, ते इथेही खरं.

यावर एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. केंट बेकने २००२ सालच्या आपल्या टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंटवरच्या पुस्तकात त्याला 'लर्निंग टेस्ट' म्हटलंय. युनिट टेस्ट लिहायची, पण आपल्या कोडची नाही, दुसऱ्याने लिहिलेल्या लायब्ररीची. "हे फंक्शन असं वागेल" हा आपला अंदाज टेस्टमध्ये लिहायचा आणि रन करायचं. हिरवं आलं तर अंदाज बरोबर. लाल आलं तर अजून छान, कारण खरं शिकणं तिथेच सुरू होतं.

उदाहरणाला माझ्या गावाचं नाव घेऊ, कुडाळ. भाषा पायथन ३.

पहिली टेस्ट: 'कुडाळ'ची लांबी ३. लाल! उत्तर येतं ५, कारण युनिकोडमध्ये उकार आणि काना वेगळे मोजले जातात.

दुसरी: उलटं केलं की 'ळडाकु' यायला हवं. येतं 'ळाडुक'. काना आणि उकार दोघंही शेजाऱ्याच्या घरी!

तिसरी: रेग्युलर एक्स्प्रेशनमधला 'बॅकस्लॅश डब्ल्यू' वापरून शब्द शोधायचा. 'कुडाळ' अख्खा मिळायला हवा. पायथनचं 'री' मॉड्यूल देतं क, ड, ळ असे तीन तुकडे. उकार-काना त्याच्या लेखी शब्दात धरायच्या लायकीचेच नाहीत.

ही नुसती गंमत नाही बरं का. फॉर्ममध्ये नाव तपासायला हाच पॅटर्न लावला, तर 'कमल'ला प्रवेश मिळेल आणि 'सुनीता'ला 'कृपया योग्य नाव लिहा' असं उत्तर मिळेल. इंग्रजी नावांवर मात्र सगळं हिरवंगार!

'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल लावून तीच टेस्ट चालवली की 'कुडाळ' अख्खा सापडतो. त्यातला 'बॅकस्लॅश कॅपिटल एक्स' अक्षरंही बरोबर ३ मोजतो.

शिकून झालं म्हणून या टेस्ट फेकून देऊ नका. आता आमच्या जिल्ह्याचं नाव घ्या, 'सिंधुदुर्ग'. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं. त्याआधीच्या नियमाने यात अक्षरं ५, कारण 'र्ग'मधला र् आणि ग वेगळे. नव्या नियमात जोडाक्षर एकत्र राहतं, म्हणून ४. म्हणजे आपल्या कोडची एक ओळही न बदलता, केवळ लायब्ररी अपग्रेड केल्याने उत्तर बदलू शकतं. टेस्ट जपून ठेवली असेल तर ती लाल होऊन सांगेल. नसेल तर एखादा युजर सांगेल, तेही चिडून.

अख्ख्या लायब्ररीला टेस्ट लिहीत बसायची मात्र गरज नाही. आपण जेवढं वापरणार तेवढंच. आणि टेस्ट 'काय होतं' ते सांगते. 'का होतं' यासाठी डॉक्युमेंटेशन वाचावंच लागतं. फक्त आता ते प्रश्न हातात घेऊन वाचलं जातं, झोप न येता!

या वीकेंडला आपल्या गावाचं नाव टाकून बघा. पण रन करायच्या आधी अंदाज लिहायचा हं..