राखलेलं पांढरं

ऑर्मिस्टनच्या घळीत शिरलं की आधी डोळे बारीक करावे लागतात. दोन्ही बाजूंना क्वार्ट्झाइटचे कडे, तांबडे, मधूनच जांभळट. त्यांच्या पुढ्यात घोस्ट गम, निलगिरीच्या भावकीतलं झाड. खोड चुना फासल्यागत पांढरं. हात टेकला तर तळव्याला बारीक भुकटी लागते. खाली काळसर, गार डोह.

ऑस्ट्रेलियाच्या पार मध्यावरचा हा मुलूख. अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून पश्चिमेला निघालं की मॅकडॉनेलच्या रांगा सोबत चालतात, आणि त्यांना चिरत गेलेल्या घळी एकामागून एक येतात. स्टँडली कॅझममध्ये भर दुपारी ऊन थेट तळाशी उतरतं, भिंती पेटतात आणि जमलेले सगळे फोन वर करतात. मीही केला. ग्लेन हेलनपाशी फिंक नदी, इथल्या आदिवासी अरंडा लोकांची लारापिंटा, डोंगराला वळसा न घालता आरपार निघून गेली आहे. जगातल्या अतिप्राचीन नद्यांत तिची गणना होते. एरवी पाहावं तर नुसती वाळू.

या सगळ्यात मला आठवत राहिला अल्बर्ट नामात्जिरा. १९०२ साली हरमन्सबर्गच्या लुथेरन मिशनमध्ये जन्मलेला अरंडा माणूस. १९३६ मध्ये रेक्स बॅटरबी नावाचा गोरा चित्रकार इकडे आला, तेव्हा अल्बर्टने उंट हाकत त्याला हा मुलूख दाखवला आणि बदल्यात जलरंग शिकून घेतला. दोनच वर्षांत मेलबर्नला त्याचं प्रदर्शन लागलं; झाडून सगळी चित्रं विकली गेली. जलरंगात पांढरं लावायचं नसतं, राखायचं असतं. बाकीचा कागद रंगत जातो आणि खोड तेवढं कोरं उरतं. त्याची घोस्ट गम पाहताना हे कौशल्य विसरायलाच होतं, इतकं ते सहज आलेलं. काही समीक्षक म्हणाले, ही तर युरोपीय नजरेची नक्कल. ज्या मातीत तो वाढला, तिच्याकडे त्याने कुणाच्या नजरेने पाहायचं हेही दुसऱ्यांनीच ठरवायचं!

शहरातल्या दिवाणखान्यांत त्याचे डोंगर लागले. एलिझाबेथ राणीला तो भेटला. मात्र गुरं चारायला जमिनीचा पट्टा मागितला, तो नाकारला. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायचं म्हटलं, तर कायदा आड आला. देशातला नावाजलेला चित्रकार गावाबाहेर, मॉरिस सोकच्या पालवस्तीत राहिला. १९५७ मध्ये त्याला आणि बायको रुबिनाला नागरिकत्वाचे हक्क मिळाले, म्हणजे दारू विकत घेण्याची मुभाही मिळाली. भाईबंदांना मात्र ती नव्हती. त्याच्या माणसांत असेल ते वाटून घ्यायची रीत. कायद्याच्या लेखी तोच गुन्हा. शिक्षा झाली सहा महिन्यांची, अपिलात ती तीनवर आली, भोगली दोन महिने, पापुन्याच्या आदिवासी वस्तीत. सुटून आला तो मनाने खचलेला, आणि १९५९ च्या ऑगस्टमध्ये गेला. वय सत्तावन्न.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला रस्त्यालगत घोस्ट गमची एक जोडी होती. त्याने ती रंगवली होती, म्हणून लोक मुद्दाम गाड्या थांबवत. वारसायादीत तिची नोंद व्हायच्या बेतात असताना, २०१३ च्या जानेवारीत ती झाडं जळालेली आढळली. कुणी तरी लावलेली आग, असा संशय. दुष्काळाने गेली असती तर एवढं लागलं नसतं.

ग्लेन हेलनहून संध्याकाळी माउंट साँडर पाहिला. अल्बर्टच्या चित्रांतला जांभळा मला नेहमी थोडा भडक वाटायचा. इथे समोर डोंगर त्याहून भडक होता.

अल्बर्टच्या माघारी त्याच्या चित्रांचे हक्क सरकारी विश्वस्ताने १९८३ मध्ये साडेआठ हजार डॉलरला फुंकून टाकले. नातवंडा-पतवंडांच्या हाती ते यायला २०१७ उजाडलं. त्यांच्यापैकी व्हिन्सेंटने २०२० मध्ये व्यक्तिचित्रांसाठीचं आर्चिबाल्ड पारितोषिक मिळवलं. ते मिळवणारा तो पहिला आदिवासी चित्रकार. घरातले बाकीचे काहीजण मात्र हेच डोंगर अजून जलरंगातच काढतात आणि खोडापुरता कागद कोरा ठेवतात.