मलबारचा लेप मासा

केरळात कोझिकोड नगराच्या दक्षिणेस, चालियार नदी अरबी समुद्राला मिळते तेथे, बेपूर हे जुने बंदर आहे. लाकडी गलबते बांधणाऱ्या कारागिरांमुळे त्याची कीर्ती दूरवर पसरली. पावसाळा ओसरल्यावर या किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रवाशाने मात्र तेथील एका लहानशा माशाचीही ओळख करून घ्यावी. मल्याळम भाषेत त्याला ‘मांतळ’ म्हणतात. कोकण-गोव्याकडील वाचकांच्या परिचयाचा लेप मासा याच कुळातला. लांबी बहुधा वीतभरही नसते आणि अंग जिभेसारखे चपटे असते.

जन्मतः हा मासा इतर माशांप्रमाणेच असतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो व तो सरळ पोहतो. पुढे बाल्यावस्थेतच त्याचा उजवा डोळा हळूहळू सरकत डाव्या बाजूस येतो. मग तो समुद्राच्या तळाशी उजव्या कुशीवर आडवा होतो, तो जन्मभरासाठी! वरची बाजू चिखलाशी मिळतीजुळती तपकिरी, तर खालची पांढरट असते. चिखलाचा पातळ थर अंगावर घेऊन तो निश्चल पडून राहतो. त्याच चिखलातील कृमी हे त्याचे मुख्य अन्न होय.

थंड देशांत हिवाळ्यामुळे माशांची वाढ मंदावते आणि झाडाच्या खोडात उमटावीत तशी वलये त्यांच्या खवल्यांवर उमटतात. त्यांवरून वय मोजता येते. आपल्या उष्ण समुद्रांत असा हिवाळा नसल्यामुळे ही रीत येथे उपयोगी पडणे कठीण मानले जाई. परंतु शेषप्पा व भीमाचार या भारतीय शास्त्रज्ञांनी मलबारच्या लेप माशाच्या खवल्यांचा अभ्यास करून १९५१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या खवल्यांवरही वलये होती. ती हिवाळ्याची नव्हती, नैर्ऋत्य मोसमी पावसाची होती! पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा तळ ढवळून निघतो, कृमी विरळ होतात, माशाला अन्न पुरेसे मिळत नाही आणि त्याची वाढ थबकते. त्या उपासाची खूण खवल्यावर राहते.

या दिवसांत मासा खोल पाण्याकडे सरकतो. पाऊस उतरला, तळाशी पुन्हा जीवसृष्टी वाढू लागली, की सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास त्याचे थवे किनाऱ्याजवळ येतात. पावसाळ्याचे ओढगस्तीचे दिवस काढलेल्या कोळी कुटुंबांच्या घरात तेव्हा पुन्हा चार पैसे येतात. ताजा मासा कातडी सोलून रांधतात. उरलेला वाळूवर उन्हात वाळवून ठेवतात. सुका मांतळ ही केरळातील अनेक घरांची आवडती बेगमी आहे.

आज या माशाला खरा धोका आहे तो तळ खरवडत जाणाऱ्या यांत्रिक जाळ्यांचा. त्या जाळ्यांत लेप सापडतो, त्याची पिले सापडतात आणि त्याचे अन्न ज्या चिखलात वाढते तो चिखलही उसकटला जातो. केरळ सरकारने १९८८ पासून पावसाळ्यात काही आठवडे अशा मासेमारीस बंदी घातली आहे. बंदीचे दिवस यांत्रिक नौकांवर राबणाऱ्यांना जड जातात, हे खरे. परंतु वर्षातून एकदा थांबण्याचा नियम समुद्राने या माशाला पूर्वीपासूनच लावून दिलेला आहे. तोच नियम माणसानेही पाळला, तर पुढील पिढ्यांच्या ताटातही मांतळ राहील.