खुद्रीची नदी

फाल्गुन लागला की पुण्यात खराडीला मुळा-मुठेचं पाणी उतरतं. मुंढव्याच्या पुलावरून बघितलं तर मधले काळे खडक उघडे पडलेले दिसतात. काठच्या बाभळींवर प्लास्टिकच्या चिंध्या लटकत असतात, माणसाच्या डोक्याच्याही वर. पावसाळ्यात पूर कुठवर आला होता त्याची ती खूण. पाठीमागे इऑन आयटी पार्कच्या काचा उजळायला लागतात. कॅबच्या रांगा लागायच्या आधी मी काठाला उतरतो. वास येतो. पहिली पाच मिनिटं तो सोसवत नाही, मग नाक सरावतं. नाक सरावतं याचंच मला जास्त वाईट वाटतं.

परवा एक काका ट्रकच्या ट्यूबवर बसून गळ टाकत होते. ट्यूबवर फळी बांधलेली, पाय घोट्यापर्यंत पाण्यात, हातात बांबूची काठी. दोरीला थर्मोकोलची गोटी, गळाला कणकेचा गोळा. पाण्याच्या ओढीबरोबर ट्यूब इंचाइंचाने खाली सरकत होती आणि ते मधूनच पायाने खडक रेटून तिला आवरत होते. गोटी आधी थरथरली, मग आडवी झाली, मग एकदम बुडाली. मनगटाचा एकच झटका. तळहाताएवढा करडा मासा फळीवर तडफडायला लागला.

"काय लागलं काका?"

"चिलापी. दुसरं काय लागणार इथं?"

चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 मध्ये आणलेली. कमी प्राणवायूच्या घाण पाण्यातही ती तग धरते, म्हणून अशा पाण्यात तिचंच राज्य. मी विचारलं, "खडशी मिळायची का कधी?" काकांनी मासा पिशवीत टाकला. "आजोबा सांगायचे. आम्ही नाही बघितली."

खडशी म्हणजे महासीर. तिच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना मुंबई सरकारने 1824 मध्ये दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. गावं, पिकं, माणसं मोजता मोजता त्यांनी इथले पक्षी आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्यांचा निबंध 1839 मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात आला. त्यात एका मोठ्या खवल्यांच्या माशाचं वर्णन आहे. तो सापडल्याची जागा म्हणून त्यांनी 'मोता मोला' नदी लिहिली, पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर. मोता मोला म्हणजे आपली मुळा-मुठा. पुण्याच्या पूर्वेला म्हणजे ती खराडीवरून जाते त्याच अंगाला. माशाला त्यांनी नाव दिलं खुद्री, इथल्याच लोकांच्या तोंडचं. आजही जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत दख्खनच्या महासिराचं नाव टोर खुद्री असंच छापतात आणि त्याचा मूळ पत्ता म्हणून हीच नदी सांगतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीत गेलो होतो. खाली अंधारात नदी होती.

या माशाचा खवला रुपयाच्या नाण्याहून मोठा होतो आणि त्याच्यावर सोनेरी झाक असते. ओठ जाड, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. जबड्यात दात नसतात, ते घशात असतात आणि शिंपलेसुद्धा भरडतात. त्याला वाहतं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं आणि पावसाळ्यात वर चढून गोट्यांमध्ये अंडी घालायला मोकळी वाट लागते. आमच्याकडे यातलं काय उरलं? मुठेवर खडकवासला धरण एकोणिसाव्या शतकातच बांधलं, वर पानशेत, वरसगाव, टेमघर. मुळशीला अडवलेलं मुळेचं पाणी विजेसाठी घाटाखाली कोकणात जातं. त्यामुळे उन्हाळ्यात खराडीपाशी जे वाहतं ते बहुतांशी शहराचं सांडपाणी. धरणांचं पाणी आपण सगळेच पितो, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण नदीत परत काय सोडायचं ते आपल्या हातात होतं.

महाडजवळ वाळण कोंडीला मी एकदा जाऊन आलो. काळ नदीचा डोह, वर झुलता पूल, काठाला वरदायिनी. इथले मासे देवीचे, म्हणून त्यांना कुणी गळ लावत नाही. मी मूठभर कुरमुरे टाकले. आधी पाण्यात नुसत्या सावल्या हलल्या, मग हाताएवढाले महासीर एकामागून एक वर आले, तोंडं उघडून. पाणी इतकं निवळ की खालच्या गोट्यावरची शेवाळाची रेघ दिसत होती. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा पॉवर कित्येक दशकं महासिराची पिल्लं वाढवते आहे. म्हणजे मासा संपलेला नाही. त्याला आमच्याकडे घर राहिलेलं नाही.

अमेरिकेत नितळ नद्यांवर लोक उन्हाळ्यात होडी प्रवाहाबरोबर सोडून देतात, स्मॉलमाऊथ बास मासे गळाला लावतात आणि पुष्कळदा पुन्हा पाण्यात सोडतात. माझीही तशीच एक इच्छा आहे. ट्यूबवर बसावं, खराडीच्या खडकांपासून ओढीबरोबर निघावं आणि संध्याकाळपर्यंत थेऊरच्या घाटाला लागावं. वाटेत तळाचे गोटे दिसावेत. गळाला लागलीच तर एखादी खुद्री, क्षणभर हातात धरून सोडून द्यायला.

सध्या त्या वाटेवर जलपर्णी आहे, फेस आहे, आणि त्यातही पाय रोवून उभे असलेले शेकाटे पक्षी आहेत.

खराडीत घर घेतलेल्यांना माझी एक विनंती आहे. एका रविवारी पहाटे पोरांना घेऊन काठाला उतरा. वास येईल, येऊ द्या. त्यांना खुद्रीची गोष्ट सांगा. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत, पार्किंगचा विषय निघायच्या आधी, विचारा की आपल्या इमारतीचं सांडपाणी नेमकं कुठे जातं. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.