खोलण्याआधी खूण
नेरहून यवतमाळ-दारव्ह्याला धावणाऱ्या जीपखाली गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब पाईप दिसतो ना? तोच प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. शाफ्ट तिरका फिरताना एका क्रॉसमुळे प्रत्येक फेऱ्यात वेग दोनदा कमी-जास्त होतो. दुसरा क्रॉस तो फरक भरून काढतो. पण दोन्हीकडचे काटे एका रेषेत असले तरच!

म्हणून मिस्त्री शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर आणि सरकत्या जोडावर खूण करतो. जोडताना दाते चुकले, की गाडी थरथरते, क्रॉस लवकर झिजतात. शाफ्टवर डकवलेलं छोटं वजनही तोल सांभाळतं, ते काढायचं नसतं.

घरी पोरगं सायकल खोलायला बसलं, की आपण ओरडतो. ओरडू नका. आधी हातात खडू द्या, म्हणा, "खूण कर, मग खोल."